इम्फाळच्या नवरीचा मेकअप: एकपदरी आणि लपलेल्या घडीच्या पापणीवर आयलायनर कसा लावावा?

रंगशलाका, पुणे

नमस्कार. मी पुण्यात नवरीच्या मेकअपची कामे घेते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींच्या वरच्या पापणीला ठळक घडी असते, डोळा उघडल्यावरही पापणीचा बराच भाग दिसत राहतो, आणि त्यामुळे लायनरची रेघ जशी काढली तशी दिसते. येत्या हंगामात मात्र मी जिचे काम घेतले आहे ती मुलगी मूळची इम्फाळची, मैतेई कुटुंबातली आहे. शिक्षणासाठी ती पुण्यात आली, इथेच नोकरीला लागली आणि आता तिचे लग्न एका मराठी मुलाशी ठरले आहे. विवाह सकाळच्या मुहूर्तावर, होमासह वैदिक पद्धतीने होईल. संध्याकाळच्या स्वागतसमारंभात ती पोतलोई, म्हणजे मैतेई नवरीचा पारंपरिक पोशाख, घालणार आहे.

तिच्या डाव्या डोळ्याच्या पापणीला घडी नाही, म्हणजे ती एकपदरी आहे. उजव्या डोळ्याला बारीकशी घडी आहे, पण ती समोर पाहताना आत जाते आणि खाली पाहिल्यावरच कळते. पहिल्या ट्रायलला बारीक रेघ काढली तेव्हा डोळा उघडताच ती संपूर्ण नाहीशी झाली. रेघ रुंद केली तेव्हा समोरून छान दिसली, परंतु डोळे मिटल्यावर पापणीवर काळी पट्टी ओढल्यासारखी वाटली, आणि तासाभरात तिचा ठसा वरच्या त्वचेवर उमटला. बाहेरच्या कोपऱ्यातली विंग, म्हणजे कोपऱ्यापुढे लांबवलेले रेघेचे टोकही, डोळा उघडल्यावर मध्येच तुटलेली दिसत होती.

या मुलीने पहिल्याच भेटीत मला स्पष्ट सांगितले आहे की पापणीवर टेप लावून किंवा गोंदाने घडी पाडून तिला डोळ्यांचा आकार बदलायचा नाही. आरशात पाहिल्यावर स्वतःचेच डोळे दिसले पाहिजेत, एवढीच तिची अट आहे आणि ती मला मनापासून पटते. तेव्हा रेघेची रुंदी कशी ठरवावी, विंग कोणत्या दिशेने न्यावी, खालच्या पापणीला काय करावे, आणि होमाचा धूर व डोळ्यांतले पाणी यांत टिकेल असे कोणते साधन वापरावे, हे ज्यांनी अशा डोळ्यांवर नियमित काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पूर्वाई, तोक्यो

रंगशलाका, तुम्ही प्रश्न नेमकेपणाने मांडला आहे, म्हणून मीही विस्ताराने लिहिते. मी तोक्योत मेकअपचे शिक्षण घेतले आणि इथेच काम करते. माझ्यासमोर जपानी, कोरियन, चिनी आणि व्हिएतनामी मुली बसतात, आणि निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी असल्याने सणासमारंभाला मराठी मुलीही येतात. इतक्या तऱ्हेच्या पापण्या रोज हाताखालून गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे: रेघ कुठे काढायची हे मिटलेल्या डोळ्यावर ठरवताच येत नाही. आपल्याकडे डोळा मिटायला सांगून, पापणी ताणून, एका दमात रेघ ओढण्याची सवय असते. घडी उंच असलेल्या पापणीवर ते चालते, कारण तिथे मिटलेल्या आणि उघड्या डोळ्यात फारसे अंतर नसते. एकपदरी पापणी उघडताना भुवईखालची त्वचा पापणीच्या कडेपर्यंत खाली येते आणि काढलेली रेघ तिच्याखाली जाते.

पूर्व आशियाई डोळ्यांचा एकच एक आकार असतो, हा समजही बाजूला ठेवावा लागेल. इथे शाळकरी मुलींनासुद्धा आपली पापणी कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक असते. घडी मुळीच नसलेल्या पापणीला हितोए म्हणतात. घडी असूनही आत दडलेली असेल तर ती ओकुबुताए. दिसणाऱ्या घडीच्या पुन्हा दोन तऱ्हा आहेत. सुएहिरो प्रकारात घडी नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला मिळालेली असते आणि बाहेर जाताना उघडत्या पंख्यासारखी रुंद होते, तर हेइको प्रकारात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कडेला समांतर राहते. समांतर घडीवर तुमची नेहमीची पद्धत चालेल. पंख्यासारख्या घडीवर आतल्या कोपऱ्यात रेघ अगदी बारीक ठेवावी, नाहीतर तिथली अरुंद घडी रंगाने भरून जाते आणि डोळा आतून बंद झाल्यासारखा दिसतो. तुमच्या वर्णनावरून या मुलीचा डावा डोळा हितोए आणि उजवा ओकुबुताए असावा. दोन डोळ्यांत असा फरक असणे अगदी नेहमीचे आहे.

आता डाव्या डोळ्याविषयी. तिला आरशासमोर अशी बसवा की आरसा डोळ्यांच्या पातळीवर येईल. हनुवटी वर उचललेली नको, भुवया ताणलेल्या नकोत, नजर समोर आणि लांबवर असावी. काळजी घेऊन सांगितले नाही तर मेकअप करवून घेताना जवळजवळ प्रत्येक मुलगी नकळत भुवया वर करते, आणि मग सगळा हिशेब चुकतो. डोळा असा स्वस्थ उघडा असताना फिकट तपकिरी पेन्सिलीने तीन ठिपके द्या: एक बाहुलीच्या बरोबर वर, दुसरा बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या वर, आणि तिसरा बाहेरच्या कोपऱ्यापाशी. रेघेची वरची कड जिथे दिसावी असे तुम्हाला वाटते, ठिपका तिथेच पडला पाहिजे. मग तिला डोळा मिटायला सांगा. पापणीच्या केसांपासून ते ठिपके ३ ते ४ मिलिमीटर वर गेलेले आढळतील. एवढी रुंदी पाहून हात कचरतो, पण डोळा उघडल्यावर त्यातली जेमतेम एक मिलिमीटर दिसणार असते.

ही सगळी रुंदी काळ्या रंगाने सपाट भरली की तुम्ही म्हणता ती पट्टी तयार होते. एरवी ते खपून जाईलही, परंतु आपल्या लग्नात ते मुळीच चालणार नाही, कारण अंतरपाटापाशी नवरी खाली पाहत उभी असते, मंगलाष्टके चालू असताना सगळे कॅमेरे तिच्या झुकलेल्या पापण्यांवर असतात, आणि तेव्हा संपूर्ण रुंदी उघडी पडते. म्हणून केसांच्या मुळाशी काळा रंग ठेवा, तिथून वर ठिपक्यांपर्यंत गडद तपकिरी आयशॅडो लहान चपट्या ब्रशने चढवत न्या, आणि वरची कड धुरकट सोडा. उघड्या डोळ्याला ती मऊ रेघ दिसते, आणि मिटलेल्या डोळ्यावर काळ्याकडून तपकिरीकडे जाणारी छटा दिसते. रेघ बाहुलीच्या वर सर्वांत रुंद केली तर डोळा गोल वाटतो. बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून पुढे वाढवत नेली तर लांबट वाटतो. जिला आपला मूळ आकार जपायचा आहे तिच्यासाठी मी दुसरी पद्धत वापरते, कारण एकपदरी डोळ्याची लांबी हेच त्याचे सौंदर्य आहे आणि ते गोलाई आणण्याच्या हट्टात हरवू नये असे मला मनापासून वाटते.

उजव्या डोळ्याला वेगळा विचार करावा लागेल. तिथली घडी इतकी अरुंद आहे की रेघ जराशी रुंद झाली तरी घडी रंगाने भरते आणि डोळा उलट लहान दिसतो. त्या डोळ्यावर आतला दोनतृतीयांश भाग केवळ केसांच्या मुळांमध्ये रंग भरण्यापुरताच ठेवा, घडीत त्वचेची बारीक कड दिसू द्या, आणि बुबुळ संपल्यावरच रुंदी वाढवा. दोन्ही डोळ्यांची तुलना करताना मिटलेल्या पापण्यांवरच्या रेघा सारख्या आहेत का हे पाहू नका, त्या सारख्या असणारच नाहीत. डोळे उघडे असताना दिसणारा काळा भाग दोन्हीकडे सारखा असला म्हणजे झाले.

विंगसुद्धा उघड्या डोळ्यावरच काढावी. खालच्या पापणीची कड भुवईच्या टोकाकडे जशी वाढेल ती दिशा धरा आणि रेघ बाहेरून आत आणा, म्हणजे त्वचा दुमडते ती जागा आधीच कळते. बाहेरचा कोपरा जर मुळातच वर चढलेला असेल तर विंग आणखी वर नेल्याने चेहऱ्यावर कठोरपणा येतो. कोरियात गेल्या दशकात डोळ्याच्या नैसर्गिक उताराबरोबर जाऊन जवळजवळ आडवी बाहेर पडणारी रेघ लोकप्रिय झाली, ती अशा चेहऱ्यांवर फार सौम्य दिसते. तुमच्या नवरीसाठी मी कोपऱ्याबाहेर ४ ते ५ मिलिमीटर, आडवी आणि टोकदार एवढीच विंग सुचवेन. त्याला आणखी एक कारण आहे. तिच्या कपाळावर मुंडावळ्या असतील, त्यांच्या सरी दोन्ही कानशिलांवरून खाली येतील, आणि लांब विंग त्यांच्यात अडकल्यासारखी दिसेल.

खालच्या पापणीला काजळाची अखंड रेघ टाळावी, तिने डोळा चहूबाजूंनी बांधला जातो. बाहेरच्या एकतृतीयांश भागात केसांखाली तपकिरी शॅडोची हलकी छटा पुरे. नाकाकडच्या कोपऱ्यावर त्वचेची घडी येत असेल तर काहीजणी तिथे लायनरचे बारीक टोक पुढे काढतात, जेणेकरून डोळा लांब दिसतो. तुमच्या नवरीची इच्छा पाहता मी त्या कोपऱ्याला हात लावणार नाही.

पापणीच्या केसांचे मात्र सर्वांत आधी पाहा. अशा डोळ्यांचे केस बहुधा सरळ आणि खाली झुकलेले असतात, आणि ते न वळवता लायनर लावला तर केसांच्या सावलीतच रेघ झाकली जाते. कर्लरची वक्रता डोळ्याच्या वक्रतेशी जुळली पाहिजे. कमी वक्र कडेचा कर्लर घ्या, आणि तो दाबण्यापूर्वी भुवईच्या हाडावर बोट ठेवून पापणी किंचित वर उचला, म्हणजे मुळे दिसतील आणि त्वचा चिमटणार नाही.

डोंगरवाट, कोल्हापूर

माझी आई साताऱ्याची आणि वडील मिझोरमचे. डोळे मी वडिलांकडून घेतले आहेत, दोन्ही एकपदरी. पूर्वाईताईंनी सांगितलेली ठिपक्यांची पद्धत मी रोज ऑफिसला जाताना वापरते आणि तिच्याविषयी मला काही वेगळे सांगायचे नाही. मी खुर्चीत बसणाऱ्या मुलीच्या बाजूने लिहीत आहे.

रंगशलाकाताई, एकपदरी पापणी सकाळी आणि दुपारी सारखी नसते. झोपून उठल्यावर ती जड आणि फुगलेली असते, आदल्या रात्री खारट खाल्ले असेल किंवा रडणे झाले असेल तर अधिकच. उजव्या डोळ्याची ती बारीक घडी त्या सकाळी पूर्णपणे नाहीशी झालेली असू शकते, आणि चार तासांनी पुन्हा प्रकटही होऊ शकते. मुहूर्त सकाळचा असल्याने ट्रायल संध्याकाळी कामावरून आल्यावर घेऊ नका; ज्या वेळी लग्नाच्या दिवशी मेकअप सुरू होणार आहे त्याच वेळी घ्या. मेकअपच्या आधी थंड पाण्यात पिळलेला रुमाल काही मिनिटे डोळ्यांवर ठेवला तर सूज बरीच उतरते, आणि घडी कुठे बसते हे पाहूनच ब्रश हातात घेता येतो.

पापणी कानाच्या दिशेने ओढू नका, ही दुसरी विनंती. ताणलेल्या त्वचेवर सरळ दिसणारी रेघ बोट सोडताच आक्रसते आणि तिच्या कडा दातेरी होतात. शिवाय ज्या मुलीला लहानपणापासून डोळ्यांवरून चिडवताना लोकांनी कोपरे ओढून दाखवले आहेत, तिला तोच स्पर्श लग्नाच्या सकाळी नको असतो. हे ती बोलून दाखवणार नाही. माझ्या एका नातेवाइकाच्या लग्नात मेकअप करणाऱ्या बाईंनी मला "थांब, तुझे डोळे जरा उघडून देते" असे म्हटले होते. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, परंतु माझे डोळे उघडेच होते. तुमच्या नवरीने अट आधीच सांगितली आणि तुम्ही ती मनावर घेतली, हे वाचून मला फार बरे वाटले.

घडी पाडण्याचा गोंद मीही कॉलेजात वापरून पाहिला होता. दिवसभर पापणी ओढल्यासारखी वाटते, डोळा पूर्ण मिटत नाही, आणि संध्याकाळी काढताना त्वचा लाल होते. ज्यांना ते आवडते त्यांनी जरूर वापरावे. मला मात्र मॅट तपकिरी शॅडो, केसांच्या मुळाशी काळी जेल पेन्सिल आणि मस्कारा एवढ्यावरच माझा चेहरा माझा वाटतो. चकचकीत शॅडो फुगीर पापणीच्या मध्यभागी लावली तर ती आणखी फुगीर दिसते, एवढेही लक्षात असू द्या.

दृष्टिपटल, नाशिक

मी नेत्ररोगतज्ज्ञ आहे. मेकअपच्या कौशल्यावर मी बोलू शकत नाही, पण पापणीच्या रचनेविषयी आणि सुरक्षिततेविषयी काही सांगणे मला आवश्यक वाटते.

वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पुढचा पातळ पडदा पापणीत खाली उतरतो. ज्यांच्या पापणीला घडी असते त्यांच्यात या पडद्याचे तंतू त्वचेपर्यंत पोहोचून तिला आतून धरून ठेवतात, आणि डोळा उघडताना त्वचा नेमकी तिथे दुमडते. एकपदरी पापणीत हे तंतू त्वचेला तितके जोडलेले नसतात, आणि डोळ्याच्या खोबणीतल्या चरबीला थोपवणारा पडदा अधिक खाली जुळत असल्याने चरबी पापणीच्या कडेच्या अधिक जवळ येते. पापणी फुगीर दिसते ती यामुळे. घडी किती उंचीवर आहे आणि चरबी किती खाली आली आहे, यांच्या अनेक पायऱ्या असतात, म्हणून पूर्वाईंनी सांगितलेले प्रकारही एकमेकांत मिसळलेले आढळतात. ईशान्य भारत, लडाख, नेपाळ इथल्या लोकांत हे सगळे प्रकार दिसतात, आणि मणिपूरचे सगळे डोळे एकसारखे असतील असे मानण्याचे कारण नाही. ही रचना पूर्णपणे निरोगी आहे. घडी तयार करण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये मिकामो या डॉक्टरांनी १८९६ साली वर्णन केली आणि आज ती आशियात मोठ्या प्रमाणावर केली जाते. ती कोणी करून घ्यावी हा व्यक्तिगत निर्णय आहे. एक अपवाद लक्षात असू द्या: एखाद्या मुलीची एक पापणी अलीकडेच खाली आली असेल, किंवा दिवस कलताना अधिक खाली येत असेल, तर तो पापणीचा मूळ आकार नव्हे आणि तिने आधी तपासून घ्यावे.

केसांच्या मुळांमध्ये रंग भरण्याचा सल्ला वर आला आहे. तो केसांच्या बाहेरच्या बाजूने भरावा, त्यांच्या मागच्या ओल्या कडेवर नाही. त्या कडेवर तेलग्रंथींची सूक्ष्म तोंडे रांगेने असतात, आणि त्यांतून येणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरल्यामुळे डोळा कोरडा पडत नाही. तिथे मेणयुक्त पेन्सिल रोज फिरवली तर ही तोंडे बुजू शकतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आतल्या कडेला लावलेल्या लायनरचे, केसांच्या बाहेर लावलेल्यापेक्षा १५ ते ३० टक्के अधिक कण अश्रूंच्या थरात गेल्याचे आढळले, आणि ते पहिल्या पाच मिनिटांतच. एकपदरी पापणीत रेघ दिसत नाही म्हणून अनेकजणी आतली कड काळी करतात, त्यामुळे हे मुद्दाम सांगत आहे.

नवरी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि मेकअप उतरवण्यापूर्वी काढाव्यात. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासत असतील, जे या रचनेच्या पापणीत विशेषतः लहानपणी आढळते, तर कर्लर आणि कृत्रिम केस यांपूर्वी डोळे दाखवून घ्यावेत. द्रवरूप लायनर उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा, आणि एका ग्राहकाच्या डोळ्याला लागलेली पेन टिप दुसऱ्या ग्राहकाच्या डोळ्याला कधीही लावू नये. व्यावसायिकांनी जेल स्वच्छ पट्टीवर काढून घ्यावे आणि प्रत्येकीसाठी वेगळा ब्रश वापरावा. उघड्यावर मिळणाऱ्या सुरम्यापासून दूर राहावे, कारण त्यात शिसे असू शकते.

गोंद आणि टेप यांविषयी डोंगरवाट यांनी लिहिले ते योग्यच आहे. काही गोंदांत रबराचे लॅटेक्स असते आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या पापणीला तीव्र सूज येऊ शकते.

रंगशलाका, पुणे

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल सकाळी सातला दुसरी ट्रायल घेतली. थंड रुमाल, मग कर्लर, मग उघड्या डोळ्यावर ठिपके, याच क्रमाने काम केले. डाव्या डोळ्याची तपकिरी छटा तिला इतकी आवडली की तिने इम्फाळला आईला लगेच छायाचित्र पाठवले. आडवी विंग तिच्या चेहऱ्यावर फारच शोभली, आणि मुंडावळ्या बांधून पाहिल्या तेव्हा त्यांच्या सरींपासून ती वेगळी राहिली.

आता दोनच शंका उरल्या आहेत. उजव्या डोळ्याच्या घडीत जेल पेन्सिलीचा ठसा दोन तासांनी पुन्हा उमटला. तिथे काय वापरावे? आणि सकाळचा मेकअप उतरवून संध्याकाळी पोतलोईबरोबर नवा करायचा आहे, तर मधल्या वेळात पापणी पुन्हा कोरी कशी करावी?

नेपथ्यशाळा, मुंबई

मी नाटकांची रंगभूषा करतो. संध्याकाळच्या मेकअपपुरते थोडे सांगतो. चिनी जिंगजू रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणारे नट डोक्याला घट्ट पट्टी बांधून डोळ्यांचे कोपरे वर चढवतात आणि रेघ कानशिलापर्यंत लांबवतात. त्या रंगभूमीवरचे विख्यात नट मेइ लानफांग (१८९४–१९६१) यांच्या छायाचित्रांत ते पाहायला मिळते. ती रेघ शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असते. स्वागतसमारंभात पाहुणे हातभर अंतरावरून भेटतात आणि मोबाइलने छायाचित्रे काढतात, त्यामुळे मंचावर दिवे कितीही प्रखर असले तरी रेघेची लांबी वाढवू नका, फक्त तिचा काळेपणा वाढवा. मंचाच्या दिव्यांत तपकिरी रंग फिका पडतो, म्हणून सकाळी जिथे तपकिरी होते तिथे संध्याकाळी केसांच्या बाजूचा अर्धा भाग काळ्या शॅडोने गडद करा. नवरीला मंचावर उभी करून दहा पावलांवरून एकदा आणि हातभर अंतरावरून एकदा पाहा.

पूर्वाई, तोक्यो

ठसा उमटतो त्याचे कारण पेन्सिलीतले मेण आणि तेल आहे. लपलेल्या घडीत त्वचा त्वचेवर सतत टेकलेली असते, तिथले तेल आणि उष्णता यांनी मेण मऊ होते आणि रंग वर सरकतो. त्या डोळ्यासाठी पेन्सिल पूर्णपणे सोडा आणि फिल्म प्रकारचा द्रव लायनर घ्या. तो वाळल्यावर त्वचेवर पॉलिमरचा पातळ पापुद्रा बनतो, जो त्वचेचे तेल, घाम आणि डोळ्यांतले पाणी सहन करतो, त्यामुळे होमाच्या धुराचीही फारशी भीती राहत नाही. जपानी कंपन्यांचे असे लायनर भारतात ऑनलाइन मिळतात. बारीक ब्रशचे टोक असलेला निवडा, कारण जाड फेल्टच्या टोकाने केसांच्या मुळांमध्ये नीट जाता येत नाही.

लावण्यापूर्वी पापणीवर क्रीम राहू देऊ नका. त्या सकाळी डोळ्यांभोवती मॉइश्चरायझर लावलेच असेल तर कोरड्या टिश्यूने टिपून घ्या, मग प्रायमरचा अगदी पातळ थर आणि त्यावर पारदर्शक पावडर द्या. रेघ काढल्यावर तिला अर्धा मिनिट खाली पाहायला सांगा, कारण ओली रेघ एकदा घडीत टेकली की ठसा तिथेच पडतो. पूर्ण वाळल्यावर त्याच रंगाची शॅडो कोरड्या ब्रशने वरून दाबा. लायनरच्या बरोबर वर, घडीच्या आतल्या बाजूलाही चिमूटभर पावडर लावा. घासणाऱ्या दोन्ही बाजू कोरड्या असाव्या लागतात.

दुसऱ्या शंकेचे उत्तरही याच लायनरमध्ये आहे. वॉटरप्रूफ पेन्सिल काढायला तेलाचा रिमूव्हर लागतो, आणि त्या तेलाचा अंश पापणीवर राहिला की संध्याकाळची रेघ घसरते. फिल्म लायनर कोमट पाण्याने सुटतो. कापसाची चकती साधारण ४० अंशांच्या पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ ठेवा आणि न चोळता खाली ओढा. रेघ बारीक कपच्यांच्या रूपात निघून येते. डबी किंवा वेष्टनावर तो कोमट पाण्याने निघतो असे लिहिले आहे ना, हे खरेदी करतानाच तपासा, कारण सगळेच द्रव लायनर तसे नसतात. डाव्या डोळ्यावरही सकाळी काळ्या भागासाठी हाच लायनर वापरलात तर दोन्ही पापण्या एकाच पद्धतीने कोऱ्या होतील. त्यानंतर अर्धा तास पापण्यांना काहीही लावू नका, पुन्हा थंड रुमाल ठेवा, आणि उजव्या डोळ्याची घडी तेव्हा कुठे बसली आहे ते नव्याने पाहून ठिपके द्या. सकाळच्या ठिपक्यांच्या जागा संध्याकाळी तशाच उपयोगी पडतील असे गृहीत धरू नका.